आभाळ कोरडे, घळीत पाणी

आपली मुले-मुली शिकून आता पार अमेरिकेपर्यंत पोहोचली आहेत. कुणी एम. एस. करते आहे, कुणी नोकरीला लागले आहे. चार दिवसांची जोडून सुट्टी आली की ही मित्रमंडळी भाड्याची गाडी काढतात, पेट्रोलचा खर्च वाटून घेतात आणि निघतात. मग घरच्या मोबाईलवर फोटो येतो. लाल-केशरी खडकाच्या दोन उंच भिंती, मधे जेमतेम एक माणूस मावेल एवढी फट आणि त्या फटीत उभा राहून हसणारा आपला मुलगा. आई तो फोटो कौतुकाने शेजारणीला दाखवते. पण ही जागा कसली आणि तिथे धोका कोणता, हे घरात कुणालाच ठाऊक नसते. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात युटा आणि अ‍ॅरिझोना ही दोन राज्ये एकमेकांना लागून आहेत. बराचसा मुलूख वाळवंटी. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या टेकड्या होत्या. ती वाळू दबून तिचा दगड झाला. त्या दगडाच्या भेगेत पावसाचे पाणी शिरले आणि वाळू-गोट्यांनी घासत घासत त्याने ती भेग खोल खोल कापत नेली. अशा चिंचोळ्या घळीला तिकडे 'स्लॉट कॅनियन' म्हणतात. एस्कलांटे गावाजवळच्या 'स्पूकी' नावाच्या घळीची रुंदी काही ठिकाणी अवघी १० इंच आहे. पाठीवरची पिशवी काढून हातात धरायची आणि अंग आडवे करून सरकायचे. 'बकस्किन' ही घळ तर २० किलोमीटरहून लांब आहे आणि वाटेत बाहेर पडायला जागा फारच थोड्या.

आता मुद्द्याची गोष्ट. ही घळ पाण्याने कोरली आहे, म्हणजे ती पाण्याचीच वाट आहे. दिसायला वाट, पण खरा तो नाला. अ‍ॅरिझोनातील पेज गावाजवळची अँटिलोप घळ जगप्रसिद्ध आहे. ती नवाहो या आदिवासी लोकांच्या जमिनीत आहे. १८६४ साली अमेरिकन सैन्याने या लोकांना शेकडो मैल पायी चालवत हाकलून नेले होते. १८६८ च्या तहानंतर ते आपल्या भूमीत परतले. त्या घळीच्या वरच्या भागाला त्यांच्या भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थच मुळी 'खडकातून पाणी वाहते ती जागा' असा आहे. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांनी नावातच इशारा ठेवला आहे. आज तिथे वाटाड्या घेतल्याशिवाय कुणाला आत जाता येत नाही.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी याच घळीच्या खालच्या भागात अकरा पर्यटक बुडून मेले. त्या जागी पाऊस नावालाच होता. वादळी पाऊस पडला तो कित्येक मैल दूर, वरच्या अंगाला. उघडा खडक आणि कडक जमीन पाणी पीत नाही. सगळे पाणी उताराने धावते आणि एका फटीत घुसते. रुंद नदीत जे पाणी गुडघाभर पसरले असते, तेच फटीत पुरुषभर चढते. भिंती गुळगुळीत, धरायला काही नाही. तिकडेही जुलै ते सप्टेंबर हा वळिवासारख्या पावसाचा हंगाम असतो. बहुधा दुपारनंतर गडगडाट होतो. म्हणून डोक्यावर निळे आभाळ आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी युटातील झायन राष्ट्रीय उद्यानात 'कीहोल' घळीत उतरलेली सात जणांची टोळी पुरात गेली. त्यांच्याकडे परवाना होता. त्या दिवशी पुराची शक्यताही वर्तवली गेली होती. परवाना म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे. निर्णय शेवटी आपला आपणच घ्यायचा असतो. आणि मित्रांच्या घोळक्यात तोच सर्वांत अवघड असतो. इतक्या लांब आलो, पैसे खर्च झाले, सुट्टी पुन्हा मिळणार नाही, आणि 'नको' म्हटले की भित्रा ठरतो.

माझा भाचा ऑगस्टमध्ये असाच चार मित्र-मैत्रिणींबरोबर निघाला होता. लास व्हेगासहून सारा दिवस गाडी हाकून एस्कलांटेला मुक्काम केला. सकाळी माहिती केंद्रात दुपारी गडगडाटी पावसाचा अंदाज लावलेला दिसला. नागपूरची एक मुलगी म्हणाली, "आज आत नको." बाकीचे चौघे चिडले. तेव्हा ती म्हणाली, "बरं, तुम्ही जा. मी वर गाडीपाशी थांबते. फक्त चावी माझ्याकडे द्या, आणि किती वाजेपर्यंत आला नाहीत तर मी मदत मागायला जाऊ, ते लिहून द्या." कागद पुढे आला आणि वेळ लिहायला कुणाचाच हात धजेना. मंडळी घळीत उतरली नाहीत.

त्या दिवशी ढग आले आणि न बरसताच गेले. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, उगीच दिवस वाया गेला." शेजारी बसलेली माझी बहीण म्हणाली, "चिडून का होईना, माझं लेकरू फोनवर बोललं ना? मग वाया कसा गेला?" वाचकहो, मला तिचे म्हणणे पटले. निर्णयाचे मोल संध्याकाळी काय झाले यावरून ठरवायचे नसते. सकाळी आपल्याला काय ठाऊक होते, यावरून ठरवायचे असते.

एकट्याने जाण्याचा धोका आणखी वेगळा. २००३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅरन राल्स्टन हा तरुण युटातल्या एका घळीत एकटाच गेला. मोठा दगड घसरून त्याचा उजवा हात अडकला. कुठे जातो ते त्याने कुणाला सांगितलेच नव्हते. पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून तो सुटला. त्याच्यावरच्या '१२७ अवर्स' या २०१० च्या चित्रपटाला ए. आर. रहमान यांचे संगीत आहे.

हे सारे परक्या मुलखातले म्हणून सोडून देऊ नका. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अकोले तालुक्यातली आपली सांदण दरीही अशीच दोन कड्यांमधली फट आहे. पाण्याचा नियम सगळीकडे एकच.

तेव्हा मुलाचा फोन आला की नुसते "जेवलास का?" विचारू नका. एवढेही विचारा: घळीचे नाव काय? आजचा पावसाचा अंदाज पाहिलास का, आणि वरच्या भागाचाही पाहिलास का? दिवसाला माणशी चार लिटर पाणी घेतलेस का? आत मोबाईलला रेंज नसते, मग किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर आम्ही कुणाला कळवायचे? आणि तुमच्यात 'नको' म्हणणारा एक तरी आहे का? असेल तर त्याला आमचा निरोप सांग, की त्याने बिनधास्त बोलावे.