विश्लेषण : ‘पंख्या’चा ‘फॅन’ झाला, तर बिघडले कुठे?

पुण्यातल्या अनेक घरांत मूल बोलू लागले की हॉलमधल्या वस्तूंची ओळख इंग्रजीतून करून दिली जाते. ‘बाळा, फॅन कुठाय? कर्टन दाखव बरं!’ शाळेत मूल मागे पडू नये, हा हेतू असतो. पण त्याने इंग्रजी पक्के होते का? आणि मराठीचे काय जाते?

हॉलमधले शब्द मूळचे कुठले?
पडदा आणि गालिचा फारसीतून आले, खुर्ची अरबी-फारसीतून. ‘हॉल’ला पर्याय म्हणून सुचवला जाणारा ‘दिवाणखाना’ही फारसीच. तेव्हा शुद्ध मराठी दिवाणखाना कधीच नव्हता. सोफा, टीव्ही, रिमोट या वस्तू नव्या आल्या, सोबत नावे घेऊन आल्या. त्यात गैर काही नाही.

‘टीपॉय’ इंग्रजी आहे का?
नावापुरताच. त्याचा ‘टी’शी, म्हणजे चहाशी, मुळात संबंध नाही. तीन पायांची ती ‘तिपाई’. मराठीत तिवई. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि आपण तो ‘टीपॉय’ म्हणून परत घेतला. ‘खाट’ तशीच ‘कॉट’ होऊन परतली. इंग्लंड-अमेरिकेत मात्र टीपॉयला सर्रास ‘कॉफी टेबल’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘कॉट’ म्हणजे तान्ह्या बाळाचा पलंग. आपला ‘हॉल’ही तिकडे ‘लिव्हिंग रूम’ असतो. म्हणजे घरात शिकवले जाणारे इंग्रजी तिकडे चालेलच, असेही नाही.

मग आक्षेप कशाला?
शब्द दोन तऱ्हांनी जातात. वस्तू घरातून गेली की तिचे नावही मागे पडते. बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मांडलेले जुने दिवे आणि अडकित्ते पाहताना हे कळते. पंख्याचे तसे नाही. तो डोक्यावर फिरतोच आहे. पडदा, उशी, आरसा, घड्याळही जागच्या जागी आहेत. वस्तू घरात असताना नाव घालवणे, ही दुसरी तऱ्हा. आक्षेप तिला आहे.

व्याकरणाचा काय संबंध?
मराठीत नाम सहसा जसेच्या तसे राहत नाही. पंखा-पंख्याखाली, पडदा-पडद्यामागे, आरसा-आरशात, खुर्ची-खुर्च्या. हे बदल मूल नियम न शिकता, रोजच्या बोलण्यातून उचलते. ‘फॅनखाली’, ‘कर्टनमागे’, ‘मिररमध्ये’ म्हणताना शब्द बदलतच नाही, त्यामुळे तो सरावही होत नाही. जुना पाहुणा ‘टेबल’ निदान ‘टेबलावर’ होऊन मराठीत रुळला. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. घरी सहज मिळाले असते, तेच सामान्यरूप मग मुलांना परीक्षेसाठी पाठ करावे लागते.

इंग्रजी कच्चे राहील का?
नाही. वस्तूंची नावे हा भाषेचा सर्वांत सोपा भाग. बालवाडीतल्या चित्रांच्या तक्त्यावरून मूल ती पटकन शिकते. अवघड असते ते वाक्य. ‘फॅन ऑफ कर’मध्ये इंग्रजी वाक्य नाही आणि मराठी शब्दही उरलेला नाही. इंग्रजी शिकवायचेच, तर अख्खे वाक्य इंग्रजीत बोलावे. एरवी ‘पंखा बंद कर’ म्हणावे. मुलाला दोन्ही भाषा पेलतात. सोफ्याला मराठी प्रतिशब्द शोधत बसण्याची गरज नाही. पंख्याला मात्र पंखाच म्हणावे.