फासाची साखळी आणि छातीवरची कडी



‘दांडग्या कुत्र्याला फासाची साखळीच हवी, हार्नेस म्हणजे शहरी लाड’ हे पेणच्या वाचकांचं मत अर्धंच पटलं. पाठीवर कडी असलेला हार्नेस घातला की ३५ किलोचा लॅब्रेडॉर छातीचा जोर लावून मालकाला फरफटवतो, हे खरं; बर्फावर गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांना साज घालतात तो ओढण्यासाठीच. पण कडी छातीवर असली, की हिसका देताच कुत्रं मालकाकडे वळतं आणि जोर मोडतो. फासाचा दाब थेट श्वासनलिकेवर येतो. रॉटवायलर खोकतो, पण ओढायचं सोडत नाही!

कारवानी जातीच्या कुत्र्याचं डोकं निमुळतं, साधा गळपट्टा कानांवरून सटकतो. त्याला ठरावीक मापापर्यंतच आवळणारा ‘मार्टिंगेल’ गळपट्टा बरा. आमच्या रोह्याच्या पावसात मात्र ओला हार्नेस काखेत घासून कातडी सोलवटते. घरी येताच काढून वाळवावा. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत.

दोरी ताणली की थांबायचं, सैल पडली की चालायचं, हे कुठलाही पट्टा आपणहून शिकवत नाही. आणि ‘आवरत नाही म्हणून बांधूनच ठेवतो’ म्हणणाऱ्यांसाठी: कायम साखळीला असलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार गुन्हा आहे.

– एक वाचक, रोहा