व्यत्ययाची परवानगी कोणाला?

प्रयोगशाळेत तराजू हाती आला की तुम्ही लगेच वस्तू तोलायला लागत नाही. आधी तो समपातळीत आहे का ते पाहता, काटा शून्यावर आणता आणि मगच पारड्यात वस्तू ठेवता. सूक्ष्मदर्शकाचेही तसेच. एकाने आपल्या डोळ्याप्रमाणे लावलेला सूक्ष्मदर्शक दुसऱ्याला अंधुक दिसू शकतो, म्हणून प्रत्येकाला तो स्वतःसाठी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. उपकरण आधी जुळवावे व मग वापरावे, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा. मग संगणक हे एवढे मोठे उपकरण, ते मात्र आपण कारखान्यातून जसे आले तसेच का वापरतो?

या लेखात संगणकाच्या एका लहानशा भागाचाच विचार करू. पडद्याच्या तळाशी चित्रखुणांची एक आडवी पट्टी असते, तिला टास्कबार म्हणतात. आणि उजव्या कोपऱ्यात अधूनमधून चौकोनी सूचना उगवतात. या दोन गोष्टी आपल्या कामाप्रमाणे लावून घेणे ही हौस किंवा सजावट नव्हे, तर अभ्यासाची पूर्वतयारी आहे, आणि शाळेत संगणकाचा तो पहिला पाठ असावा, असे माझे मत आहे. हे मत कशावर उभे आहे ते पाहा.

प्रथम डोळ्याचा विचार करू. दृष्टिपटलाच्या मध्यभागी एक लहानसा खळगा असतो. बारीक तपशील आपल्याला दिसतो तो मुख्यतः या भागामुळे, आणि त्याने व्यापलेला कोन असतो फक्त २ अंशांच्या आसपास. पडदा डोळ्यांपासून ५७ सेंटीमीटरवर असेल तर तेथे १ अंशाचा कोन सुमारे १ सेंटीमीटर रुंदी व्यापतो. गणित करून पाहा. म्हणजे एका वेळी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम २ सेंटीमीटरचा, अंगठ्याच्या नखाहून फार मोठा नाही! ३८ सेंटीमीटर कर्णाच्या पडद्याचा कोपरा मध्यापासून १९ सेंटीमीटरवर, म्हणजे सुमारे १८ अंश दूर पडतो.

आता एक सोपा प्रयोग करा. पडद्याच्या मधोमध असलेल्या एका शब्दावर नजर रोखून धरा आणि डोळे न हलवता कोपऱ्यातले घड्याळ वाचायचा प्रयत्न करा. आकडे वाचता येणार नाहीत. पण त्याच कोपऱ्यात काही हलले तर ते चटकन जाणवेल. आपल्या नजरेच्या कडा तपशिलाला मंद, पण हालचालीला तत्पर आहेत. कोपऱ्यात सरकत येणारी सूचना म्हणूनच नजर खेचते. ती वाचायची असेल तर डोळा तिकडे वळवावाच लागतो, आणि डोळ्यामागून मनही जाते. लक्ष विचलित होण्यात केवळ तुमच्या निश्चयाचा दुबळेपणा आहे असे समजू नका. तुमच्या डोळ्यांची रचनाही त्याला कारण आहे. म्हणून त्यावर नुसता निर्धार पुरेसा पडत नाही, व्यवस्थाही करावी लागते.

गंमत अशी की संगणकाने स्वतःसाठी ही व्यवस्था फार पूर्वीच करून ठेवली आहे. १९७६ साली इंटेल कंपनीने ८०८५ नावाचा मायक्रोप्रोसेसर काढला. आपल्याकडील इलेक्ट्रॉनिक्सच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पहिले धडे याच चिपवर गिरवले. चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधायचे असेल तर त्यासाठी या चिपला पाच वेगळ्या तारा आहेत. अशा हाकेला इंटरप्ट, म्हणजे व्यत्यय, म्हणतात. पाचही हाका सारख्या मानाच्या नाहीत. त्यांचा अग्रक्रम ठरलेला आहे. त्यांपैकी चार हाका प्रोग्रॅम लिहिणारा आपल्या इच्छेने बंद करू शकतो. पाचवी, ट्रॅप नावाची, कधीच बंद करता येत नाही. वीज जाण्यासारख्या आणीबाणीच्या प्रसंगांसाठी ती राखून ठेवतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हाक आली म्हणून प्रोसेसर हातातले काम तसेच टाकून धावत नाही. चालू असलेली आज्ञा तो पुरी करतो, पुढची आज्ञा कोठे आहे तो पत्ता स्मृतीत जपून ठेवतो, मग हाकेला ओ देतो आणि ते काम संपले की नेमका त्या पत्त्यावर परत येतो. माणसाचे मन असे पत्ते इतक्या चोखपणे जपत नाही. तुम्ही गतीविषयक समीकरणाचे उदाहरण सोडवत आहात, वेग आणि त्वरणाच्या किमती डोक्यात खेळत आहेत, एवढ्यात कोपऱ्यात कोणा वस्तूच्या विक्रीची जाहिरात उगवते. विंडोजमध्ये अशी सूचना सहसा ५ सेकंदांत मावळते. पण उदाहरणाकडे परत आल्यावर तुम्ही ते पहिल्या ओळीपासून वाचू लागता! नुकसान ५ सेकंदांचे नसते, तुटलेल्या धाग्याचे असते. ज्या यंत्राला आपली जागा अचूक आठवते त्याला हाका बंद करण्याची सोय आहे; मग ज्याला ती आठवत नाही, त्या माणसाने ती सोय वापरू नये काय?

सुदैवाने सोय आहे, फक्त ती वापरायला हवी. टास्कबार सर्वांपुढे आला तो २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५ बरोबर. कोणकोणती कामे चालू आहेत हे एका नजरेत कळावे, एवढाच त्याचा मूळ हेतू. पुढे घड्याळाजवळच्या कोपऱ्यात इतकी चिन्हे जमू लागली की २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये न वापरलेली चिन्हे लपवण्याची तजवीज करावी लागली. २००९ च्या विंडोज ७ पासून हवे ते प्रोग्रॅम पट्टीवर कायमचे टाचून ठेवता येऊ लागले.

२०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये काय करायचे ते थोडक्यात सांगतो. पट्टीवर रिकाम्या जागी माऊसची उजवी कळ दाबा आणि ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा. जे लागत नाही ते येथे बंद करता येते. चित्रखुणांवर दिसणारे ठिपके व आकडे आणि त्यांचे लुकलुकणे, यांसाठीही येथे वेगवेगळ्या कळी आहेत. नको असलेल्या प्रोग्रॅमच्या चित्रखुणेवर उजवी कळ दाबून तो पट्टीवरून काढून टाका. रोज लागणारे चार-पाच प्रोग्रॅम तेवढे ठेवा आणि त्यांचा क्रम एकदा ठरवून टाका. जागा पक्की असली की हात न शोधता तेथे जातो. विंडोज ११ मध्ये चित्रखुणा सुरुवातीला पट्टीच्या मध्यभागी असतात, त्यामुळे नवा प्रोग्रॅम उघडला की सगळ्या थोड्या सरकतात. त्या डाव्या बाजूला आणून ठेवल्या तर हा त्रास टळतो.

सूचनांसाठी सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ व त्यात ‘नोटिफिकेशन्स’ हे पान उघडा. तेथे सूचना पाठवणाऱ्या प्रोग्रॅमची यादीच आहे. प्रत्येकापुढे स्वतःला एकच प्रश्न विचारा : याने मला हातातले काम सोडायला लावावे काय? उत्तर नाही असेल तर कळ बंद करा, किंवा निदान त्याचा आवाज तरी बंद करा. प्रत्येक प्रोग्रॅमला अग्रक्रमही देता येतो, ८०८५ च्या पाच तारांसारखा! अभ्यासाच्या तासापुरता ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू केला तर सूचना पडद्यावर न उगवता एका जागी साठून राहतात. लिनक्सवर चालणाऱ्या उबुंटूमध्येही अशी कळ आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, सगळेच बंद केले तर महत्त्वाची सूचना हुकेल. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ट्रॅपच्या तारेत आहे. बॅटरी संपत आल्याचा किंवा संगणकाच्या सुरक्षिततेचा इशारा कधीही बंद करू नये. व्यत्यय मुळात वाईट नव्हे. तो नसता तर प्रोसेसरला क्षणोक्षणी कळफलकाला विचारत बसावे लागले असते, ‘कळ दाबली का? कळ दाबली का?’ सूचना बंद करून दर दोन मिनिटांनी स्वतःच टपाल उघडून पाहणारा माणूस नेमके हेच करतो. म्हणून सूचना बंद केल्यावर त्या पाहण्याची वेळही ठरवून घ्यावी.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. शाळेतील संगणक अनेकांचा, प्रत्येकाने त्यात ढवळाढवळ केली तर कसे चालेल? पण विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये या बहुतेक गोष्टी त्या त्या वापरकर्त्याच्या खात्यापुरत्याच बदलतात. विद्यार्थ्यांना वेगळी खाती देणे शक्य नसेल, तर सर्वांनी मिळून एकदा चर्चा करावी व काय ठेवायचे, काय काढायचे ते ठरवावे. त्या चर्चेतून मुले जे शिकतील ते तयार यादी पाठ करून येणार नाही. शिक्षकांना माझी विनंती आहे की, चित्र रंगवणे किंवा टंकलेखन सुरू करण्यापूर्वी एक तास यासाठी द्यावा.

विद्यार्थ्यांनी एक नोंद ठेवावी. अभ्यासाला बसल्यावर तासाभरात किती सूचना आल्या आणि त्यांतल्या किती खरोखर तत्काळ पाहण्यासारख्या होत्या, हे आठवडाभर वहीत लिहावे. मग सूचनांची निवड करून पुढचा आठवडा पुन्हा तशीच नोंद करावी आणि दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. माझ्या मतावर विश्वास ठेवू नका, आपल्या निरीक्षणावर ठेवा.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. संगणक प्रथम चालू केल्यावर जी मांडणी दिसते ती गुरुत्वाकर्षणासारखा निसर्गनियम नव्हे. ती कोणीतरी केलेली निवड आहे, आणि ती निवड करताना तुमचा अभ्यास, तुमचे वेळापत्रक, तुमची परीक्षा त्याच्यासमोर नव्हती. ती बदलण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि त्याला लागतात फार तर दहा मिनिटे.