विश्लेषण : घराच्या नोंदणीच्या दिवशी निबंधक काय तपासतात, काय तपासत नाहीत?

घर पसंत पडले, कर्ज मंजूर झाले, किंमत ठरली. उरतो तो दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सह्या करण्याचा दिवस. तेथे सरकारी शिक्का बसला की घर आपले आणि निर्धोक झाले, असे अनेक खरेदीदार धरून चालतात. प्रत्यक्षात नोंदणीचा अर्थ याहून मर्यादित आहे. पुनर्विक्रीचा, म्हणजे रीसेलचा फ्लॅट घेणाऱ्यांनी तर तो आधीच समजून घ्यायला हवा.

नोंदणी म्हणजे मालकीची हमी?

नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार निबंधक प्रामुख्याने पाहतात ते असे : दस्त करून देणारी व्यक्ती तीच आहे का, सही आपलीच असल्याचे ती मान्य करते का, शुल्क पूर्ण भरले आहे का. विक्रेत्याला ते घर विकण्याचा अधिकार आहे की नाही, याचा निवाडा ते करत नाहीत. ७ एप्रिल २०२५ रोजी ‘के. गोपी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले. मालकीचा आधीचा दस्त दाखवला नाही म्हणून नोंदणी नाकारण्याची मुभा देणारा तमिळनाडूचा नियम न्यायालयाने रद्द ठरवला.

याचा अर्थ, मालकीची पडताळणी खरेदीदारालाच करावी लागते आणि तीही या दिवसाच्या आधी. वकिलाकडून शोध अहवाल, आधीच्या सर्व खरेदी-विक्रीच्या मूळ दस्तांची साखळी, सोसायटीचे थकबाकी नसल्याचे पत्र आणि विक्रेत्याच्या जुन्या कर्जाची स्थिती, हे सारे सहीपूर्वी पाहायचे.

खर्चाचे गणित कसे?

मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरनुसार येणारे मूल्य यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागते. मुंबईत ते मेट्रो अधिभारासह ६ टक्के, पुण्यात ७ टक्के आहे. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार रुपये. म्हणजे मुंबईत ८० लाखांच्या घरासाठी ४ लाख ८० हजार अधिक ३० हजार, एकूण ५ लाख १० हजार रुपये. निवासी घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल तर शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे येथे ८० हजारांची बचत. सहमालक म्हणून पतीचे नाव घातले की ही सवलत मिळत नाही.

घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. वरच्या उदाहरणात विक्रेत्याच्या हाती ७९ लाख २० हजार पडतील. विक्रेता अनिवासी असेल तर टीडीएसचे नियम आणि दर वेगळे असतात. अशा वेळी आधी सीए गाठावा.

कार्यालयात नेमके काय घडते?

शुल्काचे चलन, मूळ दस्त, आधार व पॅन घेऊन खरेदीदार, विक्रेता आणि ओळख पटवणारे साक्षीदार हजर राहतात. दस्त सादर होतो, विक्रेता तो करून दिल्याची कबुली देतो, छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे घेतले जातात, पाने स्कॅन होतात. त्यानंतर व्यवहाराचा सारांश असलेला ‘इंडेक्स टू’ तयार होतो.

सर्वाधिक लक्ष द्यायचे ते सहीपूर्वी पडद्यावर किंवा छापील मसुद्यात दिसणाऱ्या तपशिलांकडे. नावाचे स्पेलिंग, फ्लॅट क्रमांक, क्षेत्रफळ, सर्व्हे किंवा सीटीएस क्रमांक यांत चूक राहिली तर चूक दुरुस्ती पत्र करावे लागते. त्यासाठी विक्रेत्याला पुन्हा बोलावावे लागते. पैसे घेऊन दुसऱ्या शहरात गेलेला माणूस दरवेळी सहज येतोच असे नाही.

सही करून नोंदणी पुढे ढकलली तर? सहीपासून चार महिन्यांत दस्त सादर करावा लागतो. पुढील चार महिन्यांत दंड भरून संधी मिळू शकते. हा दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत, म्हणजे वरच्या उदाहरणात ३ लाखांपर्यंत जाऊ शकतो.

पैसे आणि किल्ली, आधी काय?

वाद बहुतांशी येथेच होतात. कर्जाचा व्यवहार असेल तर नोंदणीकृत मूळ दस्त हाती आल्यावर बँक उरलेली रक्कम देते. मधल्या दिवसांत विक्रेत्याने सही केलेली असते, पण पूर्ण पैसे मिळालेले नसतात. म्हणून कोणता हप्ता कधी, कोणत्या धनादेशाने आणि ताबा नेमका कोणत्या टप्प्यावर, हे दस्तातच लिहिलेले हवे. ताबा घेताना तारखेसह ताबा पावती घ्यावी आणि वीजमीटरचे रीडिंग नोंदवावे.

त्यानंतर काय?

मूळ दस्त बँकेकडे ठेवून कर्ज घेतले असल्यास त्याची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ ३० दिवसांत दाखल करावी लागते. भाग दाखला, मालमत्ता कर आणि वीजबिल आपोआप नव्या नावावर होत नाहीत. त्यासाठी सोसायटी, महापालिका आणि वीज कंपनीकडे स्वतंत्र अर्ज लागतात. तिन्हींकडे ‘इंडेक्स टू’ मागितला जाण्याची शक्यता असते, त्यामुळे त्याच्या प्रती जवळ ठेवाव्यात.