उसाची पारख किती काट्यांवर व्हावी?

पनवेल तालुका भाताचा. रोडपाली, कळंबोली या बाजूला ऊस पाहायचा तर तो रसवंतीच्या दारातच पाहावा लागतो. तरीही या रस्त्यावरच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये उसाचा वाटा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क, मिसळण्याचे पहिले प्रयोग 2001 साली मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ झाले. 2025 साली हे प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. आज हे इथेनॉल उसापासून येते, तसेच मका आणि तांदूळ यांपासूनही येते.

विद्यार्थी मित्रांनो, यातून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. पूर्वी कारखान्यात आलेल्या उसाची वाट एकच होती. रस काढायचा, साखर करायची आणि उरलेल्या मळीपासून मद्यार्क. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून आणि साखर शिल्लक असलेल्या 'बी हेवी' मळीपासूनही इथेनॉल करण्यास मुभा दिली. तेव्हा गव्हाणीत पडणारी मोळी साखरेकडे पाठवावी की इंधनाकडे, हे आता ठरवता येते. मग ते कशावरून ठरवावे? ऊस तोडल्याबरोबर त्यातून किती इंधन निघेल याचा अंदाज बांधून त्याची प्रतवारी करता येईल काय? माझे मत असे, की करता येईल आणि करावीही. मात्र त्यासाठी एक काटा पुरणार नाही.

प्रथम हिशेब पाहू. 342 ग्रॅम साखरेत 18 ग्रॅम पाणी मिळते, तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, आणि यीस्टच्या किण्वनाने त्यातून 184 ग्रॅम मद्यार्क व 176 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन्ही बाजूंची बेरीज 360, ती पडताळून पाहा. म्हणजे एक किलो साखरेपासून फार तर 538 ग्रॅम मद्यार्क. त्याची घनता 0.789 धरली तर हे सुमारे 0.68 लिटर भरते. एका टन उसात 130 किलो साखर असेल तर कागदावर 88 लिटर इथेनॉल झाले. प्रत्यक्षात थोडी साखर चिपाडात राहते आणि थोडी यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी वापरते. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात एका टन उसाच्या रसापासून 70 लिटर इथेनॉल धरलेले आहे. एका टन मक्यापासून 380 लिटर धरले आहे, पण मक्यात पाणी अगदी थोडे असते आणि उसात ते सुमारे सत्तर टक्के असते, हे विसरून तुलना करू नका.

आता मोजमापाकडे वळू. सर्वांना माहीत असलेला काटा वजनाचा. दुसरे उपकरण म्हणजे वक्रीभवनमापक. रसाचा एक थेंब काचेवर ठेवायचा आणि उजेडाकडे पाहायचे. रसात विरघळलेले पदार्थ जितके जास्त, तितका प्रकाश जास्त वळतो, आणि मापपट्टीवर 'ब्रिक्स'चा आकडा दिसतो. तिसरे उपकरण ध्रुवणमापक. साखरेच्या द्रावणातून ध्रुवीकृत प्रकाश गेला की त्याचे ध्रुवणप्रतल फिरते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ बियो याने 1815 साली दाखविले. ते किती अंशांनी फिरले यावरून साखर कळते. कारखान्याच्या भाषेत याला 'पोल' म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. ही तीनही उपकरणे अचूक असली तरी एकाच उसाबद्दल वेगवेगळे बोलतात. समजा, तोडलेला ऊस टोळीच्या फडावर किंवा ट्रॅक्टरच्या रांगेत तीन-चार दिवस पडून राहिला. उन्हाने त्यातले पाणी उडते, त्यामुळे वजन घटते. पाणी कमी झाल्याने उरलेला रस दाट होतो, त्यामुळे ब्रिक्स वाढतो! शिवाय उसातलेच विकर साखर फोडून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करू लागते. साखर ध्रुवणप्रतल उजवीकडे फिरवते, तर या दोघांचे मिश्रण ते डावीकडे फिरवते. त्यामुळे पोल खाली येतो. वजन म्हणते, ऊस कमी आहे. ब्रिक्स म्हणतो, ऊस गोड झाला. पोल म्हणतो, ऊस बिघडला.

यातले कोणाचे खरे? तुम्ही विचाराल तसे उत्तर मिळेल. साखरेचे दाणे करायचे असतील तर पोल महत्त्वाचा, कारण फुटलेली साखर दाण्यात बसत नाही, मळीत जाते. पण यीस्टला त्याचे काही वाटत नाही. यीस्ट साखर फोडूनच खाते, तिचे काम कोणी आधीच करून ठेवले तर बिघडले काय? 100 किलो साखरेपैकी 10 किलो फुटली असे धरा. ध्रुवणमापकावर ती सुमारे 87 किलोच दिसेल. मद्यार्क मात्र तितकाच निघेल. म्हणजे केवळ पोलवर प्रतवारी केली, तर इंधनाला योग्य असलेला ऊस टाकाऊ ठरेल. ताजा ऊस साखरेकडे आणि थोडा शिळा ऊस इंधनाकडे, ही वाटणी पदार्थविज्ञानाला आणि रसायनशास्त्राला धरून आहे. अर्थात तिलाही मर्यादा आहे. ऊस फारच दिवस पडला तर कापलेल्या टोकांतून जिवाणू शिरतात आणि साखरच खाऊन टाकतात. मग दाणेही नाहीत आणि मद्यार्कही नाही.

अलीकडे यात चौथ्या उपकरणाची भर पडली आहे. ते अवरक्त प्रकाश उसावर टाकते आणि कोणती तरंगलांबी किती शोषली गेली हे पाहून साखर, पाणी व तंतू यांचा अंदाज क्षणात देते. ऑस्ट्रेलियातील साखर कारखान्यांत अशी उपकरणे वापरात आहेत. हे उपकरण साखर थेट मोजत नाही. आधी प्रयोगशाळेत तपासलेल्या शेकडो नमुन्यांशी ताडून ते अंदाज बांधते. म्हणून ज्या जातीच्या उसावर ते शिकले, त्याच जातीवर ते विश्वासू. को 86032 वर शिकलेले यंत्र दुसऱ्या जातीवर, किंवा आडसाली उसावर शिकलेले खोडव्यावर चुकू शकते. त्याला दर हंगामात पुन्हा प्रयोगशाळेकडे न्यावे लागते.

नमुन्याचाही प्रश्न आहे. ऊस खाताना तुम्ही अनुभवलेच असेल, की बुडखा गोड आणि वाढ्याकडचे कांडे फिके. मग एका ट्रॉलीतून कोणते कांडे तपासावे? एकाच कांड्यावरून अख्ख्या ट्रॉलीचा निवाडा करणे अन्यायाचे. चार पट नमुने घेतले तर सरासरीतील चूक निम्मी होते, नऊ पट घेतले तर एक तृतीयांश. आणि अंदाजात अर्ध्या टक्क्याची चूक संभवत असेल, तर दोन ट्रॉल्यांमधल्या पाव टक्क्याच्या फरकाला काही अर्थ नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा काथ्याकूट कशाला? कारण या आकड्यांवर घरे चालतात. उसाचा किमान दर केंद्र सरकार ठरवते आणि तो साखर उताऱ्याशी बांधलेला असतो. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये दर ठरला. हा उतारा संपूर्ण कारखान्याचा सरासरी असतो. ज्याने मेहनतीने पक्व, स्वच्छ ऊस पिकवला त्याला आणि ज्याने पाचटासकट ऊस पाठवला त्याला एकच भाव. ऑस्ट्रेलियात प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाची साखर तपासून पैसे देण्याची पद्धत जुनी आहे. आपल्याकडेही प्रत्येक ट्रॉलीची पारख व्हावी, असे मला वाटते. पण एका अटीवर.

ती अट अशी. ऊस कधी तोडायचा हे शेतकरी ठरवत नाही. कारखान्याचा तोडणी कार्यक्रम, टोळीची उपलब्धता आणि रांगेतील वाहने ते ठरवतात. ऊस वाळला तर वजनाचे नुकसान शेतकरी आजच सोसतो. उद्या पोल उतरल्याचेही त्याच्याच माथी मारले, तर यंत्र अचूक असूनही न्याय चुकीचा होईल. म्हणून वजनाच्या पावतीवर आणखी चार रकाने हवेत: तोडणीची वेळ, ब्रिक्स, पोल आणि संभाव्य चूक. ती पावती शेतकऱ्याच्या हातात पडली पाहिजे. पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेने उपकरणे दरवर्षी तपासून द्यावीत.

यंत्राने प्रतवारी केली तरी अखेरचा निर्णय यंत्राचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. 2023 साली पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल अशी भीती वाटली, आणि त्या डिसेंबरात केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आणली. ती ऑगस्ट 2024 मध्ये उठवली. अन्न आधी की इंधन, हा प्रश्न समाजाने सोडवायचा आहे. उपकरण फक्त त्यासाठी खरे आकडे पुरवते.

शिक्षकांना एक विनंती. ध्रुवीकरणाच्या दोन पट्ट्या, 20 सेंटिमीटर लांबीची नळी आणि कोनमापक एवढ्यात शाळेतच ध्रुवणमापक होतो. 100 मिलिलिटर द्रावणात 10 ग्रॅम साखर असेल, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात प्रतल सुमारे 13 अंश फिरलेले दिसेल. मग रसवंतीतून ताज्या उसाचा आणि चार दिवस ठेवलेल्या उसाचा रस आणा, गाळून नितळ करा आणि मुलांना मोजू द्या. दोन आकड्यांत फरक का पडला हे ज्या मुलाला सांगता येईल, तो उद्या वजनकाट्यापाशी उभा राहून आपल्या वडिलांच्या पावतीबद्दल योग्य प्रश्न विचारू शकेल.