फळमाशीचा नर वंध्य करायचा? मग ‘वाय’ गुणसूत्र समजून घ्या

हापूस कापला अन् आत अळ्या निघाल्या, की समजा फळमाशीने डाव साधला. किरणोत्सर्गाने वंध्य केलेले नर सोडले, तर मादीची अंडी उबत नाहीत. पण असा नर अशक्त होतो, मादी पटवण्यात मागे पडतो (बिचारा!). मग जनुकं बदलूनच वंध्य केला तर? ड्रोसोफिला माशीत ‘वाय’ गुणसूत्र नसलेला नर धडधाकट, पण पिल्लं शून्य, हे १९१६ पासून माहीत आहे. शुक्राणूंसाठी लागणारी काही जनुकं त्यावरच असतात. आंब्यावरच्या फळमाशीत मात्र अख्खं ‘वाय’ काढून चालत नाही. त्यावरचं ‘मॉय’ जनुक बंद पडलं की नराऐवजी मादीच तयार होते, हे २०१९मध्ये दिसलं. म्हणजे ‘मॉय’ला धक्का न लावता फक्त शुक्राणूंची जनुकं गाठायची. काम किचकट आहे, पण त्यावर सरकारनेच पैसा घालावा. एकट्या बागायतदाराने नर सोडून काय होणार? शेजारच्या बागेतून माशी येणारच.