जागा कुणाच्या नावावर?

परवा संध्याकाळी गावातला एक मुलगा घरी आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, चुणचुणीत आहे. जासईतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, जुने फोटो, लग्नातली धवल्यांची गाणी असं सगळं गोळा करून त्याला एक साईट काढायचीय. वर्डप्रेस टाकायचं त्याचं ठरलेलं होतं. प्रश्न एकच उरला होता.

"दादा, स्वस्तातलं होस्टिंग कुठलं? एके ठिकाणी एकोणसत्तर रुपये महिना मिळतंय, अनलिमिटेड. घेऊन टाकू?"

मी त्याला आधी चहा दिला. कारण हाच प्रश्न मी २०१२ साली एकाला विचारला होता, आणि तेव्हाचं स्वस्त उत्तर अजून फिटलेलं नाही.

जासई म्हटलं की आमच्या भागातल्या कुणालाही १६ जानेवारी १९८४ आठवतो. सिडको १९७० साली आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, आणि त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. दि. बा. याच गावचे, जन्म १९२६चा. १६ आणि १७ जानेवारी अशा दोन दिवसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती या आंदोलनाच्या जोरावर. हे सगळं पुस्तकांत, वर्तमानपत्रांत आहे. पण त्या दिवशी घरातून निघताना कोण काय खाऊन निघालं होतं, बायका कुठल्या बांधावरून पळाल्या, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते लिहावं म्हणून आम्ही सहा-सात जणांनी वर्गणी काढली आणि साईट सुरू केली.

ओळखीतल्या एकाने बाराशे रुपयांत वर्षभराचं होस्टिंग, नाव-नोंदणी आणि वर्डप्रेस बसवून दिलं. आम्ही खूष! आंदोलनात असलेल्या एका काकांकडे मी चार रविवार बसलो. ते सांगायचे, मी लिहायचो. मध्येच थांबून म्हणायचे, "बाला, सगला लिव, काय सोरू नको." मी वहीत मुद्दे टिपायचो आणि रात्री थेट साईटवर टाइप करायचो. वही पुढे रद्दीत गेली. साईटवर आहे ना, मग वही कशाला, असा विचार.

पहिला दणका १६ जानेवारीलाच बसला. त्या दिवशी गावात हुतात्म्यांना अभिवादन असतं, सगळा तालुका जमतो. साईटचा पत्ता तोंडातोंडी पसरला, शे-दोनशे लोकांनी एकदम उघडली, आणि साईट बसली. होस्टवाल्याने कळवलं की तुम्ही तुमच्या वाट्याची मर्यादा ओलांडलीत. अनलिमिटेडला मर्यादा असते हे आम्हाला तेव्हा कळलं.

स्वस्त होस्टिंग म्हणजे चाळीतली खोली असते. एका यंत्रावर शेकड्यांनी साईटी बसवलेल्या असतात आणि नळ सगळ्यांत एकच. जाहिरातीतलं 'अमर्याद' हे डिस्कच्या जागेबद्दल असतं. प्रोसेसर किती वेळ वापरायचा, एका वेळी किती कामं चालवायची, एकूण फायली किती ठेवायच्या, हे अटींच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. फायलींची अट तर फोटोवाल्यांना हमखास पकडते. वर्डप्रेस तुम्ही चढवलेल्या एका मोठ्या फोटोच्या लहान-मोठ्या आवृत्त्या करून ठेवतं, एका फोटोच्या सहज सात-आठ फायली होतात. हजार जुने फोटो चढवा, बघा काय होतं ते!

तरी हे चालण्यासारखं होतं. चाळीत लोक राहतातच की. वर्षातले ३६४ दिवस आमच्या साईटवर दहा माणसं येत होती, त्यांना चाळ पुरेशी होती. पानांची तयार प्रत ठेवणारं एखादं कॅश प्लगइन टाकलं असतं, तर सोळा जानेवारीही निभावला असता. स्वस्ताई हा काही गुन्हा नाही, आणि गावच्या साईटीला महागडा सर्व्हर घेणं म्हणजे सायकलला डिझेल भरणं.

खरा घोटाळा पुढे झाला. तिसऱ्या वर्षी नूतनीकरणाचं बिल आलं ते जवळजवळ तिप्पट. पहिल्या वर्षाचा दर हा गिऱ्हाईक आणण्यापुरता असतो, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं. आम्ही म्हटलं, दुसरीकडे जाऊ. जायला निघालो तेव्हा कळलं की साईटचं नाव आमचं नव्हतंच. ज्याने बसवून दिलं, त्याने ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं होतं. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, सोय म्हणून केलं होतं. पण तो नोकरीनिमित्त परदेशात, जुना ईमेल बंद, आणि नोंदणीच्या खात्यात दुसऱ्या कुणाला शिरता येईना. नावाची मुदत संपली ती संपलीच.

ज्या गावात साताबाऱ्यावरच्या नावासाठी माणसं मेली, त्या गावची साईट काढताना जागा कुणाच्या नावावर आहे हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

नाव गेलं तरी मजकूर होता. सर्व्हरवरचा डेटाबेस उतरवून नव्या ठिकाणी चढवला आणि साईट उघडली. फोटो दिसले, शीर्षकाचं चित्र दिसलं, आणि मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. जुन्या होस्टने डेटाबेस लॅटिन अक्षरांसाठीच्या सांकेतिक पद्धतीत बनवला होता. तिथल्या तिथे देवनागरी कसंबसं दिसत होतं. उचलून दुसरीकडे नेताना रूपांतर चुकलं, आणि ज्या अक्षराला त्या पद्धतीत जागा नव्हती त्याचं झालं प्रश्नचिन्ह. एकदा प्रश्नचिन्ह झालं की आत मूळ अक्षर उरत नाही. जुन्या ठिकाणी परत जावं तर मुदत संपल्याने त्यांनी खातं पुसलेलं. आणि आमचा बॅकअप? तो त्याच सर्व्हरवर होता. माझ्या संगणकावर होती ती फक्त फोटोंची फोल्डरं. वर्डप्रेसमध्ये फोटो फायलींत असतात आणि लेख डेटाबेसात, दोन्हींच्या प्रती वेगवेगळ्या घ्याव्या लागतात, हे मला हरवल्यावर समजलं.

काकांकडे परत जावं म्हटलं, तर ते मधल्या पावसाळ्यात गेले होते.

म्हणून त्या मुलाला मी एकाही कंपनीचं नाव सांगितलं नाही. स्वस्तात कुठलीही घे म्हटलं, फक्त चार गोष्टी पाहून घे. पहिली म्हणजे साईटचं नाव स्वतः नोंदव, आणि शक्यतो होस्टिंगपेक्षा वेगळ्या ठिकाणी, म्हणजे घरमालकाशी भांडण झालं तरी पाटी आपल्या हातात राहते. नोंदणी मंडळाच्या नावावर कर आणि पासवर्ड किमान दोघांकडे ठेव, उद्या तुलाही नोकरी लागेल. दुसरी, पहिल्या वर्षाचा दर पाहू नकोस, चौथ्या वर्षाचा पाहा, त्यावर अठरा टक्के जीएसटी धर आणि मग वर्गणी काढ. तिसरी, डेटाबेस युटीएफ-८ एमबी-४ मध्येच आहे ना, हे पहिल्याच दिवशी तपास. चौथी, दर महिन्याला डेटाबेस आणि फोटो दोन्ही उतरवून घरी ठेव, आणि वर्षातून एकदा ती प्रत आपल्या लॅपटॉपवर चालवून बघ. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही तिच्यावर विसंबू नये.

यावर तो म्हणाला, "मग फेसबुकवरच टाकू ना दादा, फुकट आहे." त्यालाही मी नाही म्हटलं. जिओसिटीज २००९ साली बंद झालं, ऑर्कुट २०१४ साली, गूगल प्लस २०१९ साली. तिथे आपण पाहुणे असतो. मनोगत, उपक्रम, मिसळपाव ही मराठी संकेतस्थळं चार लोकांनी आपल्या खर्चाने द्रुपलवर उभी केली, सर्व्हरच्या कटकटी सोसल्या, म्हणून इतकं मराठी जालावर आलं. कटकट फुकट टळत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या हातात जाते.

आणि गंमत बघा. ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात आज देशातली मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत. इथल्याच भूमिपुत्रांच्या जमिनींवर वसलेल्या या शहरात जगाचा विदा साठवला जातोय, आणि आमच्या काकांची दहा-बारा पानं आम्हाला राखता आली नाहीत. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं असं धरलं, तरी ती सगळी पानं फोनवरच्या एका फोटोपेक्षा लहान भरली असती. जागा कधीच कमी नव्हती.

जाताना मुलाने विचारलं, "काकांचं ते काहीच मिळालं नाही?"

इंटरनेट अर्काइव्हमध्ये एक पान सापडलं, तेही अर्धं. बाकीचं मी आठवून पुन्हा लिहितोय, या वेळी वहीत. घटना आठवतात, क्रमही आठवतो. पण ती भाषा माझी होते, काकांची होत नाही. असो. तो रविवारपासून एका आजीकडे जाऊन बसणार आहे. रेकॉर्डिंग कर आणि त्याच्या दोन प्रती ठेव, एवढं त्याला बजावलंय.